बेचाळीस शिखरं, चोवीस तास

काही संस्थांचं सभासदत्व वर्गणी भरून मिळतं, काहींचं ओळखीपाळखीनं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या ‘बॉब ग्रॅहम ट्वेंटीफोर अवर क्लब’चं सभासद व्हायचं असेल, तर बेचाळीस डोंगरमाथे चढून-उतरून, जिथून निघालो तिथेच चोवीस तासांच्या आत परत यावं लागतं. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, आणि सगळ्या चढांची बेरीज जवळजवळ ८,२०० मीटर. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे डोंगर बुटके वाटतील. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटरचं आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. पण कळसूबाईला जाऊन आलेल्यांनी तेवढी उंची एका दिवसात अशी किती वेळा गाठायची, याचा हिशेब करून पाहावा.

या क्लबला इमारत नाही. तो स्पर्धा भरवत नाही, पदक देत नाही, पहिला-दुसरा क्रमांक काढत नाही. तो फक्त नोंद ठेवतो, आणि ती नोंद खरी असल्याची खातरजमा करतो. पन्नासहून अधिक वर्षं एवढ्याच कामावर ही संस्था टिकून आहे.

क्लबची स्थापना १९७१ सालची, पण गोष्ट बरीच जुनी आहे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये एका दमात जास्तीत जास्त माथे गाठण्याची हौस एकोणिसाव्या शतकापासूनची. १८६४ साली रेव्हरंड एलियट नावाच्या पाद्र्यानं वॉसडेल हेडहून निघून साडेआठ तासांत नऊ शिखरं केली, तिथून या नोंदींची सुरुवात मानतात. पुढे आकडे वाढत गेले. १९०५ साली केसविकच्या डॉ. आर्थर वेकफिल्ड यांनी २२ तास ७ मिनिटांची फेरी केली आणि या खेळाला एक चौकट मिळाली: दोन हजार फुटांहून उंच असे जास्तीत जास्त माथे गाठायचे आणि चोवीस तासांत मूळ जागी परतायचं. हेच वेकफिल्ड पुढे १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत होते. १९२० साली मँचेस्टरचे अभियंते युस्टेस थॉमस यांनी वेकफिल्डना मागे टाकलं. तोवर हा उद्योग डॉक्टर, पाद्री, अभियंते अशा सुट्टी परवडणाऱ्या मंडळींचा होता.

बॉब ग्रॅहम मात्र केसविकमध्ये गेस्ट हाउस चालवणारा गडी. ठेंगणा, मजबूत. १९३१ साली त्याचा प्रयत्न फसला. पुढच्या वर्षी, १३ जून १९३२ रोजी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास तो गावच्या मूट हॉलपासून निघाला आणि २३ तास ३९ मिनिटांनी बेचाळीस शिखरं करून तिथेच परतला. माथ्यांची संख्या त्यानं आपल्या वयाइतकी धरली होती, असं सांगतात. पायात टेनिसचे कॅनव्हासचे बूट, अंगात अर्धी चड्डी आणि पायजम्याचा वरचा सदरा. खायला लोणी-पाव, अर्धवट उकडलेली अंडी, फळं आणि गोळ्या. आजच्या धावपटूच्या पाठीवरच्या जेलच्या पुड्या आणि कार्बन धाग्याच्या काठ्या पाहिल्या, की ही यादी गमतीची वाटते. पण त्या यादीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ग्रॅहम एकटा नव्हता. चार मित्र आळीपाळीनं त्याच्यासोबत धावले. वाट दाखवणारा, वेळ पाहणारा आणि साक्षीदार अशी तिन्ही कामं त्यांनी केली. पुढे क्लबनं जो नियम केला, त्याचं मूळ या चौघांत आहे.

यानंतर अठ्ठावीस वर्षं ही फेरी दुसऱ्या कुणाला जमली नाही. ती खरंच झाली का, अशी कुजबुजही होऊ लागली. ग्रॅहमनं जाहिरात केली नव्हती, पुस्तक लिहिलं नव्हतं. मग हॅरी ग्रिफिन या पत्रकारानं आपल्या वृत्तपत्रातल्या लेखनातून आव्हान दिलं: कुणी ही नोंद मोडून दाखवील का? लँकेशायरच्या अ‍ॅलन हीटननं ते उचललं आणि १९६० साली २२ तास १८ मिनिटांत फेरी पूर्ण केली. त्याच वर्षी स्टॅन ब्रॅडशॉनंही ती केली, तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. बॉब ग्रॅहमच्या शब्दावरचा संशय मिटला आणि तोही त्याच्या हयातीत. तो १९६६ साली वारला.

हीटनच्या यशानं दोन वाटा फुटल्या. एक वाट म्हणजे चोवीस तासांत बेचाळीसच्या पुढे किती माथे जोडता येतात ते पाहणं. अ‍ॅलनचा भाऊ केन यानं १९६१ साली ५१ केले, अ‍ॅलननं पुढच्या वर्षी ५४, एरिक बिअर्डनं १९६३ साली ५६, पुन्हा अ‍ॅलननं १९६५ साली ६०. मग या यादीत जॉस नेलर आला. वॉसडेल खोऱ्यातला हा मेंढपाळ. लहानपणापासून पाठीचं दुखणं, तरुणपणी मणक्याची शस्त्रक्रिया, कष्टाची कामं करू नकोस असा डॉक्टरांचा सल्ला. त्यानं १९७१ साली ६१, १९७२ साली ६३ आणि १९७५ साली तब्बल ७२ शिखरं केली. तीही मेंढ्यांची कामं सांभाळून. या नोंदीला हात लावायला तेरा वर्षं गेली. १९८८ साली मार्क मॅकडरमॉटनं ७६ केले, १९९७ साली मार्क हार्टेलनं ७७, आणि २०२० साली किम कॉलिसननं ७८. पंचेचाळीस वर्षांत सहाच माथ्यांची भर पडली, यावरून नेलर काय चीज होती ते कळावं.

दुसरी वाट जास्त लोकांची होती. बेचाळीस शिखरं तीच, मुदतही तीच, आपल्याला जमतं का ते पाहायचं. असे लोक वाढू लागले तशी कुणीतरी हिशेब ठेवण्याची गरज भासू लागली. फ्रेड रॉजरसन यांनी ती ओळखली. १८६४ पासूनच्या लांब पल्ल्याच्या डोंगरफेऱ्यांची माहिती त्यांनी चिकाटीनं गोळा केली, आणि त्यांच्याच पुढाकारानं १९७१ मध्ये क्लब उभा राहिला. तेव्हा सभासद बोटांवर मोजण्याइतके होते. आज नोंदवहीतली नावं दोन हजारांच्या पुढे गेली आहेत. धावणाऱ्यांच्या गोष्टी सगळे सांगतात. रॉजरसन यांच्यासारखी टिपणं ठेवणारी माणसं नसती तर त्या गोष्टी दोन पिढ्यांत दंतकथा झाल्या असत्या.

क्लबचे नियम थोडे आहेत. उमेदवारानं आधी नाव नोंदवायचं. सुरुवात आणि शेवट मूट हॉलपाशी. फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं करा किंवा उलट, बेचाळीस माथे ठरलेलेच. दोन माथ्यांमधली वाट ज्याची त्यानं शोधायची. प्रत्येक माथ्यावर उमेदवारासोबत दुसरं माणूस हवं आणि तिथे पोचल्याची वेळ लिहून ठेवायला हवी. एकट्यानं केलेली फेरी कितीही थोर असली तरी तिच्यावर सभासदत्व मिळत नाही. पहिल्यांदा ऐकताना हा नियम जाचक वाटतो. पण सबंध संस्था या नियमावर उभी आहे, कारण साक्षीदार व्हायचं तर त्यालाही तो डोंगर धावत चढावा लागतो. साक्ष द्यायला येणाराच पाणी वाहतो, होकायंत्र पाहतो, पाव भरवतो, ‘चल, पुढे चल’ म्हणतो. उमेदवार पुढे सभासद झाला की दुसऱ्यांच्या फेरीला जाऊन हे ऋण फेडतो. ही अपेक्षा कागदावर लिहिलेली नसली तरी सहसा कुणी टाळत नाही.

केसविकचा मूट हॉल १८१३ सालचा आहे. त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकच काटा आहे, तासांचा. ज्या दारात येऊन माणसं सेकंदांचा हिशेब देतात तिथे हे घड्याळ असावं, हा योगायोग मला फार आवडतो.

फेरीचे पाच टप्पे पडतात, कारण मध्ये चार ठिकाणी डांबरी रस्ता भेटतो. तिथे सपोर्टची माणसं गाडी, गरम चहा, कोरडे मोजे घेऊन थांबलेली असतात. पहिल्या टप्प्यात स्किडॉ, ग्रेट कॅल्वा आणि ब्लेनकॅथ्रा असे तीनच माथे. पण ब्लेनकॅथ्रावरून हॉल्स फेलच्या अरुंद धारेवरून अंधारात किंवा ओल्या कातळावर उतरणं म्हणजे पहिलीच परीक्षा. थ्रेलकेल्डहून दुसरा टप्पा बारा माथ्यांचा, हेल्वेलिनच्या लांबलचक दांडावरून, गवतावर पाय मोकळे सोडून धावता येईल असा. इथेच नवखे फसतात. बरं वाटतंय म्हणून जोरात जातात आणि त्याची किंमत डनमेल रेझच्या खिंडीपुढे मोजतात.

तिसरा टप्पा सगळ्यांत मोठा, पंधरा माथ्यांचा आणि बहुतेक ठिकाणी दगडांचा. स्काफेल पाइकच्या आसपास पायाखाली माती लागतच नाही, नुसता धोंड्यांचा ढीग. स्काफेल पाइक आणि शेजारचं स्काफेल दिसायला हाकेच्या अंतरावर, पण मध्ये ब्रॉड स्टँड नावाचा रॉक पॅच आडवा येतो. तो दोर लावून चढायचा, नाहीतर खाली उतरून फॉक्सेस टार्नच्या घळीतून किंवा लॉर्ड्स रेकच्या घसाऱ्यावरून वळसा घालायचा. वळशात वेळ जातो. त्यामुळे कुणीतरी आधीच तिथे दोर बांधून उमेदवाराची वाट पाहत बसलेला असतो. पावसात आणि थंडीत तासन्‌तास बसलेल्या या माणसाचं नाव नोंदवहीत येत नाही.

वॉसडेलला उतरल्यावर शरीराचा निम्म्याहून जास्त साठा संपलेला असतो आणि समोर यूबॅरोची सोंड गाडीतळापासून सरळ वर चढत गेलेली दिसते. कितीतरी फेऱ्या इथेच, गाडीच्या उघड्या दाराशी बसून संपल्या आहेत. जो उठतो त्याला आणखी नऊ माथे: पिलर, कर्क फेल, ग्रेट गेबल ही त्यातली दांडगी नावं. होनिस्टरच्या खिंडीतून शेवटचे तीन, डेल हेड, हिंडस्कार्थ आणि रॉबिन्सन. रॉबिन्सनहून उतरलं की डोंगर संपतात, आणि मग उरलेल्या सपाट डांबरी रस्त्यावर, दिवसभर खडकांवर ठेचाळलेले पाय खरे बोलू लागतात.

क्लबच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत बऱ्याच गोष्टी घडल्या. १९७७ साली जीन डॉस यांनी २३ तास २७ मिनिटांत फेरी केली आणि त्या पहिल्या महिला सभासद झाल्या. १९७९ साली रॉजर बाउमाइस्टरनं लागोपाठ दोन फेऱ्या ४६ तास ३४ मिनिटांत केल्या. बाहेरही लागण झाली. स्कॉटलंडमध्ये १९७८ साली चार्ली रॅमसेनं लोखाबर भागातली चोवीस तासांची फेरी अवघी दोन मिनिटं राखून पूर्ण केली, आणि १९८२ साली वेल्समधली पॅडी बकली फेरी वेंडी डॉड्स यांनी पहिल्यांदा केली. या तिन्ही फेऱ्यांची नावं आज एका दमात घेतली जातात.

पण त्या काळातली मोठी तारीख १९ जून १९८२. बॉरोडेल खोऱ्यातल्या बिली ब्लँड या दगडकाम करणाऱ्या गवंड्यानं बॉब ग्रॅहम फेरी १३ तास ५३ मिनिटांत पूर्ण केली. मुदतीपेक्षा दहा तास आधी. ब्लँडचं घर, काम, सराव सगळं याच डोंगरांत. दिवसभर दगड फोडून संध्याकाळी तो डोंगरावर निघे. बॉरोडेलची डोंगरी शर्यत त्यानं दहा वेळा जिंकली. हीच फेरी तो एकदा नुसता चालत गेला तेव्हा २० तास ४८ मिनिटं लागली; म्हणजे त्याचं चालणंही सभासदत्वाला पुरून उरलं. त्याचा १३ तास ५३ मिनिटांचा आकडा छत्तीस वर्षं टिकला. तो मोडणं शक्य नाही, असं जाणकार म्हणू लागले होते.

२००४ मध्ये रिचर्ड अ‍ॅस्क्विथ या पत्रकाराचं ‘फीट इन द क्लाउड्स’ हे पुस्तक आलं. त्यात त्यानं स्वतःच्या फसलेल्या प्रयत्नांसकट हा सगळा वेडा कारभार मांडला, आणि डोंगराशी कधी संबंध न आलेले शहरी धावपटूही बेचाळीस माथ्यांची यादी करायला बसले. क्लबकडचे अर्ज वाढले. हे चांगलं की वाईट, यावर तिथे अजून वाद आहे. जिथे पूर्वी वाट नव्हती तिथे आज बुटांनी पडलेली पांढरी रेघ दिसते, आणि मेंढपाळांच्या जमिनीवर ही रहदारी आहे हे पुष्कळांच्या गावीही नसतं. माझं मत विचाराल तर संख्या वाढली याची काळजी नाही. फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर, डोंगर न ओळखता, सोबतीला कुणाच्या फेरीवर न जाता थेट उमेदवार होणारे वाढले, तर क्लबची घडी विस्कटेल.

वेगाच्या बाबतीत गेल्या दहा-बारा वर्षांत झाली तेवढी उलथापालथ आधी झाली नव्हती, आणि त्यात पुढाकार बायकांचा. १९९१ साली अ‍ॅन स्टेंटिफर्डनं १८ तास ४९ मिनिटं घेतली होती. यॉर्कशायरची शेतकरी निकी स्पिंक्स हिनं २०१२ साली तो वेळ १८ तास १२ मिनिटांवर आणि २०१५ साली १८ तास ६ मिनिटांवर आणला. निकीला २००६ साली स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यातून उठल्याला दहा वर्षं होत होती म्हणून २०१६ साली तिनं दुहेरी फेरी काढली आणि ती ४५ तास ३० मिनिटांत पूर्ण करून बाउमाइस्टरचा १९७९ चा आकडाही मागे टाकला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, माथ्यांवर थंडी असताना, पशुवैद्य जॅस्मिन पॅरिसनं एकेरी फेरी १५ तास २४ मिनिटांत संपवली. एका झटक्यात दोन तास बेचाळीस मिनिटं कमी! हीच जॅस्मिन मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतली बार्कली मॅरेथॉन पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. साठ तासांची मुदत संपायला तेव्हा ९९ सेकंद उरले होते. २०२० च्या उन्हाळ्यात महामारीमुळे शर्यती बंद होत्या आणि सगळ्या चांगल्या धावपटूंचे पाय मोकळे होते. त्या जुलैत बेथ पास्कल या बालरोग डॉक्टरनं ही फेरी १४ तास ३४ मिनिटांत केली. एकेकाळी अशक्य मानल्या गेलेल्या बिली ब्लँडच्या वेळेत आणि तिच्या वेळेत फक्त एक्केचाळीस मिनिटांचं अंतर राहिलं.

पुरुषांची नोंद ८ जुलै २०१८ रोजी मोडली. कॅटलन धावपटू किलियन जॉर्नेट हा डोंगरी धावण्यातला जगातला सर्वांत गाजलेला माणूस. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा पाय मोडला होता. गाजावाजा न करता तो केसविकला आला, तिथल्या क्लबांच्या धावपटूंना सोबतीला घेतलं, आणि १२ तास ५२ मिनिटांत मूट हॉलच्या दाराला हात लावला. दाराशी बिली ब्लँड उभा होता. छत्तीस वर्षं जपलेला आकडा ज्यानं हिरावला त्याचं त्यानंच स्वागत केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेचा जॅक कन्झले आला. त्यानं आधी इथल्या वाटा तुडवून घेतल्या आणि मग १२ तास २३ मिनिटं ४८ सेकंदांत फेरी संपवली.

आता अशा विक्रमी प्रयत्नांच्या वेळी धावपटूच्या अंगावर ट्रॅकर असतो. हजारो लोक घरबसल्या नकाशावरचा ठिपका सरकताना पाहतात. सर्वांत कमी ज्ञात वेळेच्या जागतिक याद्या इंटरनेटवर आहेत. त्यांत सोबतीसह, सोबतीविना, विनामदत असे कप्पे पाडलेले असतात. क्लब या याद्यांपासून थोडं अंतर राखून आहे, आणि ते योग्यच आहे. ट्रॅकरची रेषा माणूस कुठे होता ते सांगते. सोबत्यानं त्याला ढगात दोनदा चुकीच्या दांडावरून परत आणलं, हे ती सांगत नाही.

जॉस नेलर २०२४ च्या जूनमध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. पन्नाशीपुढच्या धावपटूंसाठी त्यानं घालून दिलेली, पूली ब्रिजपासून वॉसडेलमधल्या ग्रीनडेलपर्यंतची तीस माथ्यांची वाट आजही दरवर्षी धावली जाते. साठाव्या वर्षी साठ आणि सत्तराव्या वर्षी सत्तर माथे त्यानं स्वतः करून दाखवले होते. त्या उतारवयातही तो वॉसडेलमधून जाणाऱ्या उमेदवारांना भेटायला, चार शब्द सांगायला रस्त्यावर येत असे.

क्लबच्या नोंदवहीत कन्झलेच्या वेगानं येणारा आणि २३ तास ५९ मिनिटांनी लंगडत येणारा असे दोघेही सारखेच सभासद होतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, सह्याद्रीत पाय तयार झालेल्या मराठी वाचकांपैकी कुणाला हे वाचून उमेदवारीचा अर्ज भरावासा वाटला, तर एक विनंती. आधी दुसऱ्या कुणाच्या फेरीत एका टप्प्यापुरती सोबत करायला जा. थ्रेलकेल्ड ते डनमेल रेझ हा टप्पा पहिल्या वेळेला बरा. होकायंत्र, कोरडे मोजे आणि दोघांना पुरेल एवढं खाणं जवळ ठेवा, आणि प्रत्येक माथ्यावरची वेळ न चुकता लिहा.